रिपोर्ट नॉर्मल, मग धडधडतंय का?

आपल्या सोलापुरात एकाच गल्लीत तीन भाषा नांदतात. मराठी बोलणारी म्हणते, ‘जीव घाबरा होतोय.’ शेजारची कन्नड बोलणारी म्हणते, ‘गाबरी’ होतेय. पूर्व भागातली तेलुगू बोलणारी मावशी ‘गाभरा’ म्हणते, नाहीतर छातीवर हात ठेवून ‘गुंडे दड’ म्हणते, म्हणजे काळजाची धडधड. शब्द बघा किती जवळचे आहेत! भाषा कोणतीही असो, हात मात्र प्रत्येकीचा छातीवरच जातो. डोक्यावर कुणी हात ठेवत नाही.

म्हणूनच या बायका आधी मनाच्या डॉक्टरकडे जात नाहीत, छातीच्या डॉक्टरकडे जातात. ईसीजी निघतो, रक्त तपासलं जातं, कधी टू-डी इकोही होतो. सगळं नॉर्मल येतं. मग डॉक्टर म्हणतात, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ घरी आल्यावर सासूबाई म्हणतात, ‘बघ, मी म्हणत होते ना, काही नाही!’ नवरा म्हणतो, ‘एवढे पैसे घातले, निघालं काय?’ आणि त्याच रात्री अडीच वाजता ती पुन्हा दचकून उठते. धडधड, घाम, हाताला मुंग्या. पण आता ती कुणाला उठवत नाही, कारण ‘काही नाही’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं.

समुपदेशनाच्या कामात मला अशा कितीतरी जणी भेटतात. (या लेखातल्या मैत्रिणींची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मला एकच गोष्ट आधी सांगायची आहे. ‘रिपोर्टमध्ये काही निघालं नाही’ आणि ‘तुला काही झालेलं नाही’ ही दोन वेगवेगळी वाक्यं आहेत. पहिलं आनंदाचं आहे. दुसरं चुकीचं आहे.

धूर नसताना वाजणारी घंटा

मग होतं तरी काय? आपल्या शरीरात धोक्याची एक घंटा बसवलेली आहे. समोर साप दिसला, मूल गाडीखाली येतंय असं वाटलं, की ती क्षणात वाजते. मेंदूचा इशारा मिळताच मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथींमधून अॅड्रिनॅलिन सुटतं. हृदय जोरात धावायला लागतं, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात, पोटातलं पचनाचं काम मागे पडतं. लढायला किंवा पळायला शरीर तयार होतं. हार्वर्डमधले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्येच ही यंत्रणा नीट मांडून दाखवली. म्हणजे घाबरणं हा दुबळेपणा नाही. या घंटेमुळेच माणूस आजवर टिकला.

अडचण होते ती घंटा धूर नसतानाही वाजायला लागली की. साप नाही, गाडी नाही, तरी हृदय पळतंय. बाई स्वयंपाकघरात कणीक मळत उभी आहे आणि शरीर मात्र रानात वाघ बघितल्यासारखं वागतंय! ती घाबरून भराभर श्वास घेते. त्यामुळे रक्तातला कार्बन डाय ऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. तो कमी झाला की बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आपण इथं नाहीच आहोत असं वाटतं. मग मनात येतं, ‘हार्ट अॅटॅकच आलाय, मी आता जाते.’ या विचारानं घंटा आणखी जोरात वाजते. भीतीनं धडधड, धडधडीनं भीती. असं हे चाक आहे. यालाच ‘पॅनिक अॅटॅक’ म्हणतात. तो काही मिनिटांतच शिगेला पोहोचतो आणि मग आपोआप ओसरतो. तो कितीही भयंकर वाटला तरी त्यानं जीव जात नाही.

दुसरा प्रकार असा धाडकन येत नाही. तो भिजत घोंगड्यासारखा असतो. सकाळी उठल्यापासून ‘काहीतरी वाईट होणार’ ही हुरहुर. मुलाला यायला दहा मिनिटं उशीर झाला की अपघातच डोळ्यांपुढे. मान-खांदे आखडलेले, पोट बिघडलेलं, चिडचिड, झोप तुटक. असं सहा महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक रोज चालू राहिलं आणि रोजच्या कामावर त्याचा परिणाम व्हायला लागला, तर तो ‘स्वभाव’ राहत नाही, तो उपचार करण्याजोगा आजार होतो.

आणि यात तुम्ही एकट्या नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्या राज्यांत आपला महाराष्ट्र नव्हता. पण त्यात दिसलं ते आपल्यालाही लागू पडावं असंच आहे. शंभरातल्या दहाहून अधिक प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक त्रास होता, आणि चिंता व ताणाशी निगडित आजारांचं प्रमाण बायकांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट होतं.

बायकांनाच जास्त का?

याला शरीराची कारणं आहेत. पाळी, बाळंतपण, पाळी जाण्याचा काळ यात संप्रेरकं वरखाली होतात. पण कारण तेवढंच नाही. माझा अनुभव विचाराल, तर चिंतेचं सगळ्यात आवडतं खाद्य म्हणजे अनिश्चितता. आणि ती सांभाळण्याचं खातं घरोघरी बाईकडेच दिलेलं असतं.

आपल्या शहराचंच बघा ना. वर्षानुवर्षं सोलापूरनं चार-चार, पाच-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्याची वाट पाहिली. पाणी रात्री येणार की पहाटे, किती वेळ टिकणार, पिंप भरतील का, हा हिशेब कुणाच्या डोक्यात? आईच्याच. अर्धवट झोपेत नळाचा आवाज ऐकण्याची सवय लागलेल्या कित्येक जणी मला ठाऊक आहेत. ही सवय म्हणजे दुसरं काय? घंटा बंदच न करणं!

पूर्व भागात हजारो बायका घरात बसून विड्या वळतात. मजुरी हजारावर. पानं चांगली मिळतील का, किती विड्या नाकारल्या जातील, या आठवड्यात काम पुरेल का, यातलं काहीच त्यांच्या हातात नसतं. गिरण्या बंद पडताना ज्यांनी पाहिल्या त्यांच्या पोटात ‘उद्या काय’ हा प्रश्न कायमचा मुक्कामाला आला. आताच्या पिढीचे प्रश्न वेगळे दिसतात. मुलगी पुण्यात नोकरीला, लेक परीक्षेच्या तयारीत, घराचे हप्ते, सासऱ्यांची शुगर. पण आतला प्रश्न तोच, ‘उद्या काय?’

म्हणून ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे वाक्य मला फार पोकळ वाटतं. टेन्शन ती काही बाजारातून पिशवीत घालून आणत नाही. ते तिच्या वाटणीला आलेलं असतं. ते कमी करायचं तर थोडं वाटून घ्यावं लागतं, आणि उरलेलं पेलायला तिचं शरीर-मन तयार करावं लागतं.

आधी तपासणी, मग बाकी सगळं

हल्ली ‘होलिस्टिक’ हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. कुणी त्या नावानं तेल विकतं, कुणी शिबिर भरवतं. आपण त्याचा साधा अर्थ घेऊ, माणसाचा सगळ्या बाजूंनी विचार. शरीर, श्वास, विचार आणि सोबत या चारही बाजूंनी. यात औषध आणि डॉक्टरही आले. ‘होलिस्टिक म्हणजे डॉक्टर नको’ असं कुणी सांगितलं तर खुशाल उठून या.

पहिली पायरी तपासणीचीच. हार्ट अॅटॅकची लक्षणं बायकांमध्ये नेहमीसारखी असतीलच असं नाही. नुसता दम लागणं, जबडा, पाठ किंवा हात दुखणं, घाम, मळमळ, खूप थकवा असंही असू शकतं. त्यामुळे पहिल्यांदा असा त्रास झाला की ‘मनाचं असेल’ म्हणून घरी थांबू नका. तपासण्यांमध्ये हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ बघून घ्या. अंगात रक्त कमी असलं तरी धडधडतं, थायरॉइड वाढलं तरी हात कापतात. चाळिशी-पंचेचाळिशीत पाळी जाताना येणाऱ्या गरम वाफांबरोबरही छाती धडधडते. आणि आपला एप्रिल-मे विसरू नका. चाळिशीपार उन्हात, पुरेसं पाणी न पिता, पत्र्याच्या खोलीत बसून काम केलं तर हृदयाची गती वाढणारच.

मात्र एकदा नीट तपासणी झाली, डॉक्टरांनी हृदय चांगलं आहे सांगितलं, की दर महिन्याला नवा ईसीजी काढू नका. विड्या वळणाऱ्या एका मावशींनी सहा महिन्यांत तीन दवाखाने केले होते. त्या मला म्हणाल्या, “कागद चांगला आला की दोन दिवस बरं वाटतंय बघा, तिसऱ्या दिवशी वाटतंय, मशीनच बिघडलं असंल.” हाच तो सापळा. पुन्हापुन्हा खात्री करून घेतल्यानं भीती जात नाही, तिची भूक वाढते.

या मावशींच्या दिवसाची उजळणी केली तेव्हा काय दिसलं? सकाळी उठल्यावर मिश्री, मग उपाशीपोटी दोन कप चहा, दहा वाजता आणखी एक, जेवण थेट दुपारी दोनला. मिश्री म्हणजे तंबाखू, तंबाखूत निकोटिन, चहात कॅफिन. दोन्ही हृदयाला पळवणारी. त्यात विडीकामात दिवसभर तंबाखूची धूळ. आधीच वाजणाऱ्या घंटेला आपणच दोरी ओढून देतो ती अशी! त्यांनी चहा दोन कपांवर आणला, सकाळी आधी अर्धी भाकरी नि शेंगाची चटणी खायला सुरुवात केली आणि मिश्री हळूहळू कमी केली. सगळा त्रास गेला नाही. पण ‘निम्मा उतरला’ हे त्यांचेच शब्द.

श्वास हा आपल्या हातातला दोर

हृदयाची गती आपण हुकूम देऊन कमी करू शकत नाही. श्वासाची मात्र करू शकतो. आणि गंमत म्हणजे श्वासाच्या मागे हृदय येतं. श्वास आत घेताना हृदय किंचित वेगात चालतं, सोडताना मंदावतं. म्हणून सोडण्याचा वेळ वाढवायचा.

करून बघा. पाठ टेकून बसा. खांदे सैल. नाकानं मनात चार अंक मोजत सावकाश श्वास घ्या. पोट पुढे आलं पाहिजे, छाती वर नको. मग सहा अंक मोजत हळूच सोडा. जोर नको, रोखून धरणं नको. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. भ्रामरीचाही फायदा याच कारणानं होतो. गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो. पण ज्यांना पॅनिकचा त्रास आहे त्यांनी कपालभाती, भस्त्रिका असे वेगाचे प्रकार टीव्हीवर बघून सुरू करू नयेत. श्वास वेगात गेला की त्याच मुंग्या, तीच चक्कर, आणि जीव पुन्हा घाबरा. प्लॅस्टिकच्या किंवा कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपायही टाळा. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो घातक ठरू शकतो.

योग म्हणजे नुसता चमत्कार नाही आणि नुसता व्यायामही नाही, हे तपासून बघायचं काम आपल्याच महाराष्ट्रात फार लवकर सुरू झालं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं ते योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्यासाठीच. त्यामुळे शिकायचं तर जाणत्या शिक्षकाकडून, आपला त्रास आधी सांगून शिका.

दुसरा उपाय स्नायूंचा. अमेरिकेतले डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तो विकसित केला. अगदी सोपा आहे. दोन्ही मुठी पाच सेकंद घट्ट आवळा, मग एकदम सोडा आणि दहा-पंधरा सेकंद तो सैलपणा अनुभवा. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या करता येतो. सतत आखडून राहिलेल्या अंगाला सैल म्हणजे काय तेच आठवत नसतं, ते या व्यायामानं आठवतं.

तिसरा उपाय चालणं. रोज अर्धा तास, जरा झपझप. चालताना हृदय धडधडतं, घाम येतो, आणि काहीही वाईट होत नाही. मेंदूला नवा धडा मिळतो, ‘धडधडणं म्हणजे मरणं नव्हे.’ घरकाम हा व्यायाम नाही का, असं बायका विचारतात. काम होतंच, पण त्यात डोकं मोकळं होत नाही. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं किंवा आपल्या कॉलनीतच एक मैत्रीण घेऊन चाला.

विचारांशी दोन हात

शरीर शांत झालं की विचारांकडे वळायचं. ‘वाईट विचार मनात आणू नकोस’ असं आपल्याला लहानपणापासून सांगतात. पण विचार ढकलला की तो दारामागे उभा राहतो. त्यापेक्षा त्याला बसायला पाट देऊन प्रश्न विचारावेत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती हेच शिकवते. ती मराठी माणसांपर्यंत आणण्याचं मोठं काम कि. मो. फडके यांनी केलं. ठाण्यात १९९० मध्ये सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेच्या माध्यमातून डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही ती घराघरांत नेली. तिचं म्हणणं असं, की प्रसंग आपल्याला जेवढा त्रास देतो त्याहून जास्त त्रास त्या प्रसंगाबद्दलची आपली हट्टी समजूत देते. ‘मुलाला चांगले मार्क मिळावेत’ ही इच्छा झाली. ‘मिळालेच पाहिजेत, नाहीतर सगळं संपलं’ हा हट्ट झाला. इच्छेतून काळजी येते, ती आपल्याला कामाला लावते. हट्टातून चिंता येते, ती हातपाय गाळून टाकते. चिता आणि चिंता यांच्यात एका अनुस्वाराचा फरक म्हणतात. मला तर काळजी आणि चिंता यांतला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो.

वहीची युक्ती यासाठी फार कामाला येते. दिवसातला ठरावीक वीस मिनिटांचा वेळ काळजीसाठी राखून ठेवा, समजा संध्याकाळी पाच. दिवसभरात आलेली प्रत्येक काळजी एका ओळीत लिहा आणि तिला सांगा, ‘पाचला ये.’ पाच वाजता वही उघडून दोन रकाने करा. ‘माझ्या हातात आहे’ आणि ‘माझ्या हातात नाही.’ पहिल्या रकान्यातल्या एका गोष्टीवर आजच छोटंसं पाऊल. दुसऱ्या रकान्यासमोर काही करायचं नाही. निम्म्या काळज्या पाचपर्यंत शिळ्या झालेल्या असतात! झोपायच्या वेळी मात्र वही नको.

आणि एक गोष्ट, जिथं भीती वाटते ती जागा टाळत गेलं की भीतीचं राज्य वाढतं. एका मैत्रिणीला गड्ड्याच्या जत्रेत गर्दीत जीव घाबरा झाला. दुसऱ्या वर्षी ती गेली नाही. मग नवी पेठ सुटली, मग मंडई, मग लग्नकार्यं. शेवटी एकटीनं गल्लीच्या टोकाला जाणंही जमेना. तिच्यासाठी आम्ही जिना केला. आधी रोज गल्लीच्या टोकापर्यंत. मग सकाळच्या निवांत वेळी मंडईत नवऱ्यासोबत, मग तो बाहेर थांबणार आणि ती आत, मग एकटी. भीती वाटली तरी लगेच पळायचं नाही, श्वास मोजत थांबायचं, ती ओसरू द्यायची. चार-पाच महिने लागले. संक्रांतीला होम मैदानावर ती अर्धा तास थांबली आणि मुलीला पाळण्यात बसवून आली. स्वतः बसली नाही, ते पुढच्या वर्षावर ठेवलंय.

देवाचं, बाहेरचं आणि गोळ्यांचं

सिद्धेश्वराच्या दर्शनानं, हरिपाठानं, भजनी मंडळात दोन तास गायल्यानं बरं वाटतं, असं अनेक जणी सांगतात. वाटणारच. गाताना श्वास लांबतो, मन एका जागी बसतं, आजूबाजूला आपली माणसं असतात. भिशी, बचत गट, ओट्यावरच्या गप्पा यांनाही मी उपचारच मानते. आपल्यासारखंच दुसरीलाही होतं हे कळणं हेच अर्धं औषध.

पण ‘बाहेरचं आहे’ म्हणून कुणी औषध बंद करायला सांगत असेल, पैसे उकळत असेल, तर तिथून निघा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. जडीबुटीचंही तसंच. अश्वगंधा ‘साधीच’ वाटते, पण थायरॉइडची गोळी चालू असेल, गर्भारपण असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

आता गोळ्यांचं. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलं की आयुष्यभर गोळ्या लागतात, हा समज पक्का आहे. चिंतेसाठी साधारणपणे जी मुख्य औषधं देतात त्यांची नशा नसते. त्यांचा गुण यायला मात्र दोन ते सहा आठवडे लागू शकतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा थोडी बेचैनी होऊ शकते, म्हणून तिथंच सोडू नका, डॉक्टरांशी बोला. बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका. सवय लागण्याचा धोका असतो तो लगेच शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या काही गोळ्यांचा. त्या थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात. शेजारणीची गोळी आपण घेणं किंवा जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून वर्षानुवर्षं आणत राहणं नको. समुपदेशन आणि औषध यांचं भांडण नाही. त्रास जास्त असेल तर दोन्ही मिळून चांगलं काम करतात.

आपल्याकडे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. जाणं शक्य नसेल, संकोच वाटत असेल, तर १४४१६ हा नंबर लिहून फ्रिजवर लावा. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही टेलि-मानस सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीत बोलता येतं. ‘आता जगणंच नको’ असा विचार आला तर सकाळची वाट बघू नका. तेव्हाच घरातल्या कुणाला तरी उठवा, तेव्हाच फोन करा.

घरच्यांसाठी चार शब्द

हा लेख घरातल्या पुरुषांनीही वाचावा असं मला वाटतं. तिला त्रास होत असेल तेव्हा भोवती गर्दी करू नका, पंखा लावा, शेजारी बसा. ‘मी आहे, हे जाईल’ एवढंच सावकाश म्हणा आणि तिच्याबरोबर श्वास मोजा. ‘नाटकं’ हा शब्द घरातून हद्दपार करा. आणि त्रास नसतानाच्या दिवसांत तिच्या डोक्यातलं एक खातं कायमचं आपल्याकडे घ्या. पाण्याचं घ्या, मुलांच्या शाळेचं घ्या, नाहीतर आईवडिलांच्या औषधांचं. ‘मदत लागली तर सांग’ असं म्हणू नका, कारण सांगणं हेही तिच्याच डोक्यावरचं काम होतं.

आणि मैत्रिणींनो, तुमच्यासाठी आजचं एवढंच. वर सांगितलेल्यातलं सगळं उद्यापासून सुरू करायचं नाही. तसं केलं की त्याचंच टेन्शन येईल! एक निवडा. सकाळचा पहिला चहा खाऊन झाल्यावर प्या, किंवा पाच मिनिटं श्वास मोजा, किंवा वही आणा. आठ दिवस तेवढंच करा. आणि पुढच्या वेळी शेजारणीचा हात छातीवर गेलेला दिसला, तर ‘काही नाही गं’ म्हणायच्या आधी तिला जरा बसवा आणि विचारा, ‘कधीपासून होतंय?’